साखळी, भिंत आणि दार

घरात कोणास ताप आला, तर ती गोष्ट लपवून ठेवावी असे कोणाच्या मनातही येत नाही. शेजारीण पेज घेऊन येते, कोणी चांगल्या डॉक्टरचे नाव सुचवितो, कोणी औषध आणावयास धावतो. परंतु त्याच घरातील कर्ता मुलगा रात्रीच्या रात्री जागून काढू लागला, भिंतीपलीकडे आपल्याविषयी कोणी कुजबुजत आहे असे म्हणू लागला, अथवा नुकत्याच बाळंत झालेल्या सुनेने आठ आठ दिवस तोंडातून शब्द काढला नाही, म्हणजे घराचे दार प्रथम लोटून घेतले जाते. आल्यागेल्यास 'तो गावी गेला आहे' असे सांगण्यात येते. पत्रिका दाखविली जाते, अंगारा लावला जातो, एकदा लग्न करून दिले म्हणजे आपोआप ठिकाणावर येईल असा सल्लाही मिळतो. डॉक्टरची आठवण होते ती बहुधा हे सर्व उपाय थकल्यावर. हा जो विलंब होतो त्याचे मूळ केवळ अज्ञानात नाही. त्याच्या पाठीमागे मोठा इतिहास आहे. मनाच्या आजारावरील मदत पुष्कळ काळ अशा जागी ठेवलेली होती की, तेथे जाण्यापेक्षा घरात दडून राहिलेले बरे, असे शहाण्यासुरत्या कुटुंबासही वाटावे. त्या जागेवरून ती मदत घराच्या उंबरठ्यापर्यंत कशी येत गेली, हे एकदा क्रमाने पाहण्याजोगे आहे.

उन्माद हा रोग आपल्या पूर्वजांस अपरिचित नव्हता. आयुर्वेदाच्या आठ अंगांत भूतविद्या हे एक अंग गणलेले आहे, आणि चरकसंहितेत निदानस्थान व चिकित्सास्थान या दोन्ही ठिकाणी उन्मादावर स्वतंत्र अध्याय आहेत. वातज, पित्तज, कफज, तिन्ही दोषांच्या सन्निपाताने होणारा आणि आगंतुक, असे त्याचे पाच प्रकार तेथे सांगितले आहेत. आगंतुक म्हणजे देव, गंधर्व, पिशाच्च इत्यादिकांच्या बाधेने होणारा, अशी समजूत होती. तथापि त्याच ग्रंथात असाही स्पष्ट अभिप्राय आहे की, ज्याने आपल्या कर्माने पीडा ओढवून घेतलेली नाही त्यास देव वा पिशाच्च कोणीही पीडा देत नाही. यास्तव आपल्या दुखण्याचा दोष देवांस अथवा पितरांस देऊ नये. दोषाचे मूळ प्रज्ञापराधात, म्हणजे बुद्धीच्या चुकीत, शोधावे.

त्या काळाच्या मानाने हा विचार धीटपणाचा होता यात शंका नाही. रोगाचे कारण त्याने अदृश्य शक्तींच्या हातून काढून मनुष्याच्या देहात आणि आचरणात आणून ठेवले. परंतु त्यास एक दुसरी बाजूही होती. भुताची सुटका झाली, तर अपराधाचे गाठोडे रोग्याच्या माथी आले. औषधांचा भाग वैद्यांच्या पोथीत राहिला. 'ज्याचे त्याने भोगावे' हा भाग मात्र लोकांच्या तोंडी बसला. आजही मानसिक आजाराने खंगलेल्या माणसास 'मनाने घेतले तर काय होणार नाही?' असे जेव्हा आपण सुनावतो, तेव्हा आपण त्याला त्याच्या रोगाबद्दल दोषी ठरवीत असतो. मधुमेह झालेल्यास हे वाक्य कोणी ऐकवीत नाही.

युरोपातील हकीकत याहून फारशी उजळ नाही. लंडनच्या बेथलेम इस्पितळात अठराव्या शतकात लोक तमाशा पाहावयास जावे तसे वेड्यांस पाहावयास जात. ही मोकळीक १७७० पर्यंत चालू होती. पॅरिस शहराजवळील बिसेत्रच्या इस्पितळात रोग्यांस साखळदंडांनी जखडलेले असे. फ्रेंच राज्यक्रांतीच्या धामधुमीत, १७९३ साली, फिलिप पिनेल नावाच्या वैद्याची तेथे नेमणूक झाली. पिनेल समोर उभा राहून रोग्यांच्या बेड्या काढवीत आहे, अशी चित्रे पुढे प्रसिद्ध झाली आणि शाळेच्या पुस्तकांपर्यंत पोहोचली. वस्तुस्थिती थोडी निराळी आहे. बिसेत्रमधील साखळ्या निघाल्या त्या १७९७ साली. पिनेल तर त्यापूर्वीच साल्पेत्रिएर येथील स्त्रियांच्या इस्पितळात गेला होता. साखळ्या काढविणारा मनुष्य होता तेथील देखरेख्या प्युसँ. हा मूळचा कातडी कमावणारा. गंडमाळेच्या विकाराने तो त्याच इस्पितळात रोगी म्हणून आला, बरा झाला, आणि पुढे तेथेच नोकरीस राहिला. वर्षानुवर्षे रोग्यांच्या सहवासात राहून त्याने ओळखले होते की, मारहाण थांबविली आणि माणुसकीने बोलले, तर बहुतेकांस बांधून ठेवण्याची गरजच उरत नाही. पिनेलचा मोठेपणा हा की, या अशिक्षित मनुष्यापासून आपण शिकलो हे त्याने मोकळेपणाने मान्य केले.

त्याच सुमारास इंग्लंडात यॉर्क शहरी असेच घडले. तेथील वेड्यांच्या इस्पितळात क्वेकर पंथाची एक स्त्री १७९० साली मरण पावली. तिच्या पंथबंधूंस तिला भेटू देण्यात आले नव्हते. विल्यम ट्यूक नावाच्या चहाच्या व्यापाऱ्यास ही गोष्ट इतकी लागली की, त्याने वर्गणी गोळा करून १७९६ साली एक निराळेच गृह उघडले व त्यास 'रिट्रीट', म्हणजे विसाव्याचे ठिकाण, असे नाव दिले. तेथे बाग होती, काम होते, टेबलाभोवती बसून चहा होता. प्युसँ आणि ट्यूक या दोघांपैकी एकही डॉक्टर नव्हता, ही गोष्ट ध्यानात ठेवण्याजोगी आहे. एक शेजारी बसून पाहणारा होता, दुसरा आपल्या माणसाच्या भेटीसाठी दार ठोठावणारा.

अशा प्रकारे साखळी सैल झाली. परंतु भिंत राहिली. आपल्या देशात इंग्रजी अमलाबरोबर जी संस्था आली ती या भिंतीसह आली. मुंबईत कुलाबा येथे १८२६ साली वेड्यांचे इस्पितळ स्थापन झाले. १८५८ साली कंपनीचा कारभार संपून राणीचे राज्य सुरू झाले, आणि त्याच वर्षी वेड्यांसंबंधीचे तीन कायदे एकापाठोपाठ एक झाले. त्यांपैकी एकान्वये रस्त्यात भटकणाऱ्या अथवा धोकादायक वाटणाऱ्या वेड्यास पोलिसाने धरून मॅजिस्ट्रेटपुढे उभे करावे आणि त्याच्या हुकमाने इस्पितळात पाठवावे, अशी तजवीज होती. म्हणजे घर आणि इस्पितळ यांच्या दरम्यान चौकी आणि कचेरी आली. चोरास जी वाट, तीच रोग्यास. नागपूरचे इस्पितळ १८६४ साली, रत्नागिरीचे १८८६ साली आणि ठाण्याचे १९०१ साली सुरू झाले. पुण्याजवळ येरवड्याचे इस्पितळ त्यांत मिळाले. ही चारही इस्पितळे आज नावे पालटून काम करीत आहेत. परंतु महाराष्ट्राच्या बोलीने त्यांचे काय केले ते पाहावे. 'याला ठाण्याला पाठवा', 'त्याची जागा येरवड्याला' ही वाक्ये थट्टेत आणि भांडणात आजही कानी पडतात. येरवडा या एका शब्दात तर तुरुंग आणि वेड्यांचे इस्पितळ ही दोन्ही शेजारी शेजारी येऊन बसली आहेत. ज्या ठिकाणी मदत मिळावयाची त्या गावाचे नावच शिवी होऊन बसल्यावर, आईबापांनी आपल्या मुलास आपण होऊन तेथे न्यावे कसे?

१९१२ साली नवा कायदा आला. त्याचेही नाव 'वेडेपणाचा कायदा' असेच होते. पुढे इस्पितळांच्या पाट्यांवरील जुने नाव गेले आणि 'मानसिक रुग्णालय' हे नाव आले; परंतु कायद्याची मूळ चौकट पाऊणशेहून अधिक वर्षे टिकली. स्वातंत्र्याच्या उंबरठ्यावर, १९४६ साली, सर जोसेफ भोर यांच्या समितीने देशाच्या आरोग्याचा अहवाल सादर केला. त्यासाठी पाहिलेल्या १९ मानसिक रुग्णालयांत मिळून १०,१८१ खाटा होत्या. सुमारे ४०,००० लोकांमागे एक खाट असे हे प्रमाण पडत होते. इंग्लंडात त्या वेळी सुमारे ३०० लोकांमागे एक खाट होती. भिंत होती, आणि भिंतीच्या आतही जागा नव्हती.

तथापि याच काळात भिंतीला एकदोन लहान दारे पडू लागली होती. कलकत्त्याच्या आर. जी. कार रुग्णालयात १९३३ साली डॉ. गिरींद्रशेखर बोस यांनी मनोरुग्णांसाठी बाह्यरुग्ण विभाग उघडला. १९३८ साली मुंबईच्या जे. जे. रुग्णालयात डॉ. मसानी यांनी तसाच विभाग सुरू केला. वरवर पाहता ही क्षुल्लक गोष्ट वाटेल. परंतु ज्या फाटकातून खोकल्याचा आणि पोटदुखीचा रोगी आत जातो, त्याच फाटकातून मनाचा रोगी जावा, डॉक्टरला भेटावा, आणि संध्याकाळी आपल्या घरी परतावा, ही कल्पनाच त्या वेळी नवी होती. यात ना पोलीस होता, ना मॅजिस्ट्रेट.

दुसरे दार पंजाबात उघडले, आणि तेही मोठ्या दुःखातून. देशाची फाळणी झाली तेव्हा माणसांप्रमाणे मनोरुग्णांचीही वाटणी करण्यात आली. लाहोरच्या इस्पितळातील हिंदू व शीख रुग्ण १९५० साली अमृतसरास आणण्यात आले आणि इकडील मुसलमान रुग्ण तिकडे पाठविण्यात आले. सआदत हसन मंटो यांची 'टोबा टेकसिंग' ही प्रसिद्ध कथा याच घटनेभोवती फिरते. त्या अमृतसरच्या इस्पितळात पुढे डॉ. विद्यासागर हे प्रमुख होते. त्यांनी एक साधा पण अपूर्व प्रयोग केला. रुग्णास फाटकाशी सोडून परत जाण्याऐवजी नातलगांनी त्याच्यासोबतच राहावे, असे त्यांनी ठरविले, आणि त्यांच्यासाठी इस्पितळाच्या मोकळ्या आवारात तंबू ठोकून दिले. आई आपल्या मुलास जेवू घालू लागली, पत्नी नवऱ्याजवळ झोपू लागली. आणि रोग म्हणजे काय, औषध का द्यावयाचे, हे डॉक्टर सर्वांस समजावून देऊ लागले. याचा परिणाम दुहेरी झाला. रुग्ण लवकर बरे होऊन घरी जाऊ लागले. आणि जे नातलग भीत भीत आले होते, ते रोगाची भीती टाकून गावी परतले. एका तंबूतून एक रुग्ण बरा होऊन जाई. पण त्याच्याबरोबर चारपाच जाणती माणसेही गावात जात. जो धडा पुस्तकाने शिकविता आला नसता, तो या तंबूंनी शिकविला.

त्याच दशकात औषधांनीही साथ दिली. ऑस्ट्रेलियातील जॉन केड या डॉक्टरने १९४९ साली लिथियमचा गुण प्रसिद्ध केला, आणि १९५२ साली पॅरिसमध्ये क्लोरप्रोमाझिन या औषधाचा मनोरुग्णांवर उपयोग सुरू झाला. ज्यांस जन्मभर कोंडून ठेवावे लागेल असे वाटे, त्यांतील पुष्कळजण औषध घेऊन घरी राहू शकतील अशी आशा प्रथमच निर्माण झाली. १९५४ साली बंगळूर येथे मानसिक आरोग्याची अखिल भारतीय संस्था स्थापन झाली; तीच आजची निम्हान्स. १९८२ साली राष्ट्रीय मानसिक आरोग्य कार्यक्रम आखण्यात आला, आणि मोठ्या रुग्णालयांत अडकून राहिलेला उपचार गावच्या दवाखान्यात न्यावा हे धोरण ठरले. याच धोरणातून पुढे जिल्हावार मानसिक आरोग्य कार्यक्रम निघाला.

आपल्या शेजारच्या गोव्याने या दिशेने एक महत्त्वाचे पाऊल टाकले. तेथील 'संगत' या संस्थेने डॉ. विक्रम पटेल व त्यांच्या सहकाऱ्यांच्या नेतृत्वाखाली चोवीस दवाखान्यांत 'मानस' नावाचा प्रयोग केला. नैराश्य व चिंता यांनी पीडलेल्या रुग्णांशी बोलण्यासाठी डॉक्टर नसलेल्या स्थानिक व्यक्तींस शिकवून तयार करण्यात आले, आणि त्यांस डॉक्टरांची जोड देण्यात आली. २०१० साली प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांवरून असे दिसले की, सरकारी आरोग्यकेंद्रांत अशा रीतीने पाहिलेले रुग्ण नेहमीच्या पद्धतीने पाहिलेल्यांपेक्षा अधिक प्रमाणात बरे झाले. शेजारी बसून पाहणारा तो प्युसँ जणू दोनशे वर्षांनी मांडवीच्या काठी पुन्हा भेटला. महाराष्ट्रातही रुग्णांच्या आप्तांनीच पुढाकार घेतल्याचे उदाहरण आहे. कॅलगरी विद्यापीठात संख्याशास्त्राचे प्राध्यापक असलेले डॉ. जगन्नाथ वाणी यांनी पुण्यात स्किझोफ्रेनिया या आजाराविषयी जागृती करणारी व कुटुंबांस आधार देणारी संस्था उभी केली. याच आजारावरील 'देवराई' हा मराठी चित्रपट २००४ साली आला, आणि मराठी घरांतून या रोगाचे नाव उच्चारण्यास थोडी का होईना सुरुवात झाली.

परंतु इतिहास सरळ रेषेत पुढे जात नाही. ६ ऑगस्ट २००१ रोजी तामिळनाडूत एरवाडी येथे, एका दर्ग्याच्या आश्रयाने चालणाऱ्या खाजगी निवासांपैकी एकास आग लागली. आतील मनोरुग्ण साखळ्यांनी जखडलेले होते. त्यांस पळता आले नाही. २८ जीव गेले. बिसेत्रच्या साखळ्या निघून त्या वेळी दोनशे वर्षे होऊन गेली होती. त्या रुग्णांच्या नातलगांस निर्दय म्हणणे सोपे आहे. परंतु त्यांतील पुष्कळांनी आपले माणूस तेथे आशेने नेले होते. जेथे दार उघडे दिसते तेथे माणूस जातो. देवाच्या दारी कोणी नाव विचारीत नाही, पुढे तोंड दाखविण्याची लाज वाटावी असे तेथे काही नसते. यास्तव श्रद्धेची टवाळी करून भागत नाही. गुजरातेत उनावा येथील मीरा दातारच्या दर्ग्यात दुवा आणि दवा यांची जोड घालण्यात आली, हे शहाणपणाचे झाले. प्रार्थना ज्याची त्याने करावी. औषध मात्र थांबवू नये, आणि साखळी तर कोणत्याही नावाने घालू नये.

कायद्यानेही आता हेच सांगितले आहे. १९८७ चा कायदा १९९३ मध्ये अमलात आला आणि १९१२ चा कायदा संपला. पुढे २०१७ चा मानसिक आरोग्यसेवा कायदा झाला व तो २९ मे २०१८ पासून लागू आहे. त्यान्वये मानसिक उपचार मिळणे हा प्रत्येकाचा हक्क आहे आणि रुग्णास साखळीने बांधण्यास मनाई आहे. आपण आजारी पडल्यास कसे उपचार व्हावेत, हे आधी लिहून ठेवण्याची सोय आहे. विमा कंपन्यांनी शारीरिक आजाराप्रमाणेच मानसिक आजारासही विमा द्यावयाचा आहे. ज्याने जीव देण्याचा प्रयत्न केला तो तीव्र ताणाखाली होता असे गृहीत धरावे, त्यास शिक्षा नव्हे तर शुश्रूषा द्यावी, असेही या कायद्याने ठरविले. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेतून तर आत्महत्येच्या प्रयत्नाबद्दलचे जुने सरसकट कलमच गळले. १८५८ साली घर व इस्पितळ यांच्यामध्ये येऊन बसलेली चौकी अशा रीतीने पुष्कळशी बाजूस झाली आहे.

तरीही निम्हान्सने २०१५-१६ साली बारा राज्यांत केलेल्या पाहणीत असे आढळले की, शेकडा दहाहून थोड्या अधिक प्रौढांस कोणता ना कोणता मानसिक आजार होता, आणि आजाराच्या प्रकारानुसार त्यांतील शेकडा ७० ते ९२ जणांपर्यंत उपचार पोहोचत नव्हते. याची कारणे अनेक आहेत. गावोगाव डॉक्टर नाहीत हे खरे. परंतु ज्या शहरांत रुग्णालय हाकेच्या अंतरावर आहे, तेथील सुशिक्षित घरांतही रोगी महिनोन्महिने आतल्या खोलीत राहतो, हेही तितकेच खरे. दगडाची भिंत पडली, पण लोकलज्जेची उभी आहे. आणि ती पाडण्यास सरकारचा हुकूम उपयोगी नाही.

घरच्यांनी काय करावे, हे फार अवघड नाही. झोप, भूक, काम आणि बोलणेचालणे यांत मोठा पालट होऊन तो पंधरा दिवसांहून अधिक टिकला, तर नेहमीच्या डॉक्टरकडे जावे. तोच पुढची वाट दाखवील. भ्रम अथवा भास होत असतील, तर पंधरा दिवसांचीही वाट पाहू नये. जिल्हा रुग्णालयात तसेच वैद्यकीय महाविद्यालयांच्या रुग्णालयांत मानसोपचाराचे विभाग आहेत. तेथे खटल्याशिवाय, हुकमाशिवाय, इतर रोग्यांप्रमाणे जाता येते. जाण्याचे धैर्य होत नसेल, तर १० ऑक्टोबर २०२२ रोजी सुरू झालेली सरकारची 'टेलिमानस' ही दूरध्वनीसेवा आहे. १४४१६ हा तिचा क्रमांक. ती विनामूल्य आहे, अहोरात्र चालू असते, आणि मराठीतूनही बोलता येते. रुग्णाशी वाद घालून त्याचा भ्रम दूर होत नाही, म्हणून वाद घालू नये. बरे वाटू लागले म्हणून डॉक्टरला न विचारता औषध बंद करू नये. आणि कोणी जगणे नकोसे झाल्याचे बोलून दाखविले, तर ते हसण्यावारी नेऊ नये. 'तुझ्या मनात जीव देण्याचा विचार येतो का?' असे सरळ व मायेने विचारावे. विचारल्याने तो विचार मनात शिरत नाही. उलट कोंडलेल्यास वाट मिळते. त्या वेळी त्यास एकटे सोडू नये, घातक वस्तू दूर ठेवाव्यात आणि त्वरित रुग्णालय गाठावे.

अमृतसरच्या त्या तंबूंत कोणतेही नवे यंत्र नव्हते. रोग्याजवळ त्याचे माणूस होते, आणि त्या माणसास रोग समजावून सांगणारा कोणी होता, एवढेच. आता तंबू ठोकण्याची आवश्यकता नाही. आजारी मुलाविषयी कोणी विचारले असता 'तो गावी गेला आहे' असे न सांगता, 'त्याला बरे नाही, औषध चालू आहे' असे एखाद्या घराने शांतपणे सांगितले, म्हणजे शेजारीण त्याच्यासाठीही पेज घेऊन येईल. आणि कदाचित तिच्या स्वतःच्या घरातील लोटलेले दारही त्या दिवशी थोडे उघडेल.